आधी कागद, मग फिल्म : कोल्हापूरच्या डार्करूमसाठी काळ्या-पांढऱ्या साहित्याचा आढावा

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणाचे साहित्य घेताना बहुतेक जण फिल्मपासून सुरुवात करतात, मग तिला साजेसा डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) शोधतात आणि कागदाचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. निगेटिव्ह कितीही सुरेख असली तरी लोकांसमोर जाते ती प्रिंट, आणि कागदाला उजेड-अंधाराचा जेवढा पल्ला पेलतो तेवढाच त्या निगेटिव्हमधून बाहेर येतो. कोणता कागद वापरायचा हे ठरले की त्याला कशी निगेटिव्ह लागेल हे कळते. ते कळले की फिल्म किती एएसएला (संवेदनशीलतेचे माप, म्हणजेच आयएसओ) वापरायची आणि किती मिनिटे धुवायची, म्हणजे डेव्हलपरमध्ये ठेवायची, हे प्रश्न निम्मे सुटतात. म्हणून हा आढावा कागदापासून मागे मागे जाणारा आहे.

बाबूराव पेंटरांनी जिथे स्वदेशी कॅमेरा घडवला आणि १९२९ साली जिथे प्रभात फिल्म कंपनी निघाली, त्या गावात आज काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ आणि पूर्व जर्मनीचा ‘ऑर्वो’ स्टुडिओंना आधार देत होते. आता व्यवहारात पर्याय उरतात ते मुख्यतः इंग्लंडच्या इल्फोर्डचे, अमेरिकेच्या कोडॅकचे आणि चेक प्रजासत्ताकातील फोमाचे. त्यामुळे परीक्षण करताना केवळ गुणवत्ता पाहून भागत नाही. एप्रिल-मेमधले नळाचे कोमट पाणी, जुलै-ऑगस्टमधला दमटपणा आणि कुरिअरचा प्रवास या तिन्ही गोष्टी ज्या मालाला सोसतात, तोच माल आपल्या कामाचा.

कागदात पहिली शिफारस इल्फोर्डच्या मल्टिग्रेड आरसी डीलक्सची. आरसी म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला कागद. रसायने त्याच्या गाभ्यात मुरत नाहीत, त्यामुळे इल्फोर्डच्या मल्टिग्रेड डेव्हलपरमध्ये १+९ प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, नऊ भाग पाणी) एक मिनिट, डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये काही सेकंद, चित्र पक्के करणाऱ्या रॅपिड फिक्सरमध्ये अर्धा मिनिट आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटे एवढ्यात काम संपते. ज्या घरात नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तिथे दोन मिनिटांच्या धुण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

याहून महत्त्वाचा गुण म्हणजे एकाच कागदातून सगळ्या ग्रेड, म्हणजे काँट्रास्टच्या पायऱ्या, मिळतात. या कागदावरील लेपात निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देणारे घटक असतात. एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र) पिवळ्यापासून किरमिजीपर्यंतचे फिल्टर बदलले की कागद मऊ (कमी काँट्रास्टचा) किंवा कडक (जास्त काँट्रास्टचा) होतो. ०० पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने, बारा फिल्टर मिळतात. पूर्वी दोन, तीन आणि चार नंबरचे स्वतंत्र खोके बाळगावे लागत आणि कमी खपणारा खोका आपल्या पावसाळ्यात उघडा पडून खराब होई. आता एकच खोका पुरतो आणि तो लवकर संपतो, म्हणजे ताजा राहतो. एक खूणगाठ मात्र बांधावी : ०० ते ३½ या फिल्टरांना एक्स्पोजर (उजेड देण्याचा वेळ) जवळजवळ सारखेच लागते, पण ४ ते ५ या फिल्टरांना दुप्पट द्यावे लागते. हे ठाऊक नसेल तर चार नंबरला प्रिंट एकदम फिकी निघते आणि नवखा माणूस निष्कारण डेव्हलपरवर संशय घेतो.

पृष्ठभागांपैकी ग्लॉसीचा काळा सर्वांत खोल दिसतो, परंतु घामट बोटांचे ठसे त्यावर तितकेच ठळक उठतात. रोजच्या कामासाठी मी पर्ल घेतो. काळ्याची खोली किंचित कमी वाटली तरी प्रिंट हाताळायला सोपी जाते आणि काचेमागे गेल्यावर फरक फारसा उरत नाही.

फोमाचा फोमास्पीड व्हेरिअंट हा स्वस्तातला पर्याय आहे आणि सरावासाठी तो नाकारण्याचे कारण नाही. ३११ हा ग्लॉसी आणि ३१२ हा मॅट. मात्र इल्फोर्डचे फिल्टर लावून या कागदावर तोच क्रमांक म्हणजे तोच काँट्रास्ट, असे गृहीत धरू नये; प्रत्येक नव्या कागदासाठी एकाच निगेटिव्हच्या २, ३ आणि ४ नंबरच्या पट्ट्या काढून जवळ ठेवाव्यात. दोन कंपन्यांचे कागद आलटून-पालटून वापरणाऱ्याचा हात कधीच बसत नाही, हे माझे ठाम मत आहे.

फायबर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या, कागदाचे नाव निघाले की जाणकारांचा सूर बदलतो, आणि तो बदलावा असाच हा कागद आहे. इल्फोर्डच्या मल्टिग्रेड एफबी क्लासिकवर पंचगंगा घाटाची एक निगेटिव्ह काढून पाहिली, तेव्हा ओल्या पायऱ्यांचा काळा पाषाण आणि त्याखालच्या पाण्यातली सावली यांच्यातला जो बारीकसा फरक आरसीवर जेमतेम कळत होता, तो इथे स्वच्छ उमटला. पण या देखणेपणाची किंमत पाण्यात आणि वेळेत चुकवावी लागते. डेव्हलपरमध्ये दोन मिनिटे, फिक्सरमध्ये एक मिनिट आणि नंतर, साध्या पद्धतीने गेल्यास, तासभर धुणे. इल्फोर्डने सुचवलेला क्रम पाणी वाचवणारा आहे : पाच मिनिटे धुणे, दहा मिनिटे वॉशएड (फिक्सर लवकर निघावा म्हणून वापरायचे द्रावण) आणि पुन्हा पाच मिनिटे धुणे. वॉशएड नसेल तर सोडियम सल्फाइटचे दोन टक्क्यांचे द्रावणही चांगले काम देते.

वाळवणे ही फायबर कागदाची दुसरी परीक्षा. उन्हाळ्यात तो इतक्या झपाट्याने सुकतो की कडा पापडासारख्या वळतात; आषाढ-श्रावणात तो सुकतच नाही आणि जाळीवर ठेवलेल्या प्रिंटचा जिलेटिनचा थर बोटाला चिकट लागतो. शिवाय सुकल्यावर प्रिंट थोडी गडद होते, म्हणून ओल्या प्रिंटवर समाधान मानण्याऐवजी आठ-दहा टक्के कमी एक्स्पोजर देऊन चाचणी-पट्टी पूर्ण वाळवून पाहावी. माझा सल्ला असा की फायबर कागद दिवाळीनंतर उघडावा, तोही आरसीवर पूर्ण समाधान झालेल्या निगेटिव्हसाठीच. शिकण्याच्या काळात फायबरचा हट्ट धरणे म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही वाया घालवणे होय.

कागद ठरला की निगेटिव्ह कशी हवी हे सांगता येते. तुमच्या एन्लार्जरवर दोन किंवा अडीच नंबरच्या फिल्टरने जी बहुतांश उतरते ती निगेटिव्ह चांगली. मग वर-खाली दोन्हीकडे फिल्टर शिल्लक राहतात. सतत चार नंबर लागत असेल तर फिल्म कमी धुतली जात आहे आणि सतत ० किंवा १ लागत असेल तर जास्त. या कसोटीवर फिल्मकडे पाहिले असता इल्फोर्डची एचपी५ प्लस मला कोल्हापूरसाठी सर्वांत सोयीची वाटते. तिची संवेदनशीलता आयएसओ ४०० असली तरी ती २०० पासून १६०० पर्यंत निभावून नेते, आणि हा लवचिकपणाच इथल्या उजेडाला लागतो.

घाटावरचे काळ्या दगडाचे मंदिर, त्यापुढे वाळत टाकलेले पांढरे धोतर आणि माथ्यावर एप्रिलचे ऊन, अशा चित्राचा पल्ला फार मोठा असतो. मीटर थेट दगडावर धरला तर तो दगडालाही मध्यम करडा करून दाखवतो आणि धोतराचा तपशील पार जातो. म्हणून दगडाच्या वाचनापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे पाषाण गडद राहूनही त्याचा पोत टिकतो. त्याबरोबर फिल्म २०० ला धरून धुण्याचा वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी घटवला की धोतराच्या चुण्या प्रिंटमध्ये येतात. एचपी५ प्लसचा उजळ भाग हळूहळू चढतो, ही गोष्ट इथे उपयोगी पडते.

याच्या उलट प्रसंग तालमीतला. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत वस्तादांच्या परवानगीने सकाळी चित्रे घेतली तर उजेड ट्यूबचा आणि एखाद्या खिडकीचा असतो, आणि फिल्म १६०० ला ढकलण्यावाचून, म्हणजे १६०० ची धरून जास्त वेळ धुण्यावाचून, गत्यंतर नसते. इल्फोर्डच्या तक्त्यानुसार त्यासाठी आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न वाढवलेल्या) द्रावणात २० अंशांना १४ मिनिटे लागतात. इथे ग्रेनपेक्षा (चित्रात दिसणाऱ्या दाण्यांपेक्षा) मोठी अडचण रंगाची आहे. हळद-ताक घातलेली कुस्तीच्या हौद्याची तांबडी माती आणि तिने माखलेले पैलवानाचे अंग हे डोळ्यांना वेगळे दिसले तरी काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. हिरवा फिल्टर लावून ही छटा बदलता येईल, पण तो जेवढा उजेड खातो तेवढा तिथे नसतोच. त्यामुळे खिडकीचा उजेड अंगावर तिरका पडेल अशी जागा धरणे आणि प्रिंट तीन किंवा साडेतीन नंबरवर काढणे, हाच उपाय. ढकललेल्या फिल्मवर सावल्या रिकाम्या राहतात हे खरे. तालमीच्या कोपऱ्यातील अंधाराला मात्र त्याने बाध येत नाही.

फोमापान ४०० स्वस्त असल्यामुळे शिकणाऱ्यांच्या हाती आधी तीच पडते. तिचा चेहरा जुन्या वळणाचा आहे, ग्रेन उघड दिसतो आणि माणसांच्या चित्रांना तो शोभतोही. पण डी-७६ सारख्या डेव्हलपरमध्ये तिला ४०० ऐवजी २०० ते २५० धरले तरच सावल्यांत तपशील येतो. म्हणजे तालमीसाठी ती बाद होते. उन्हातल्या कामाला फोमापान १०० अधिक चांगली. तिच्या बाबतीत सांगण्यासारखे म्हणजे दीर्घ एक्स्पोजर. पहाटे रंकाळ्यावर मीटरने १० सेकंद दाखवले तर कंपनीच्या तक्त्यानुसार ते आठपट, म्हणजे ८० सेकंद करावे लागतात. एचपी५ प्लसला त्याच ठिकाणी वीस सेकंदांच्या आसपास पुरतात. रंकाळ्याचे पाणी पूर्ण गुळगुळीत हवे असणाऱ्याला फोमाची ही उणीव सोयीचीही वाटेल.

कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून लोकांच्या हातात आहे आणि तिची थोरवी मी नाकारत नाही, परंतु एचपी५ प्लसपेक्षा ती महाग पडते आणि जास्तीच्या पैशांइतका फरक मला प्रिंटमध्ये दिसत नाही. कोडॅकची टी-मॅक्स आणि इल्फोर्डची डेल्टा या फिल्मांचा ग्रेन नक्कीच बारीक आहे. मात्र धुण्याचा वेळ व तापमान यांत थोडे जरी मागे-पुढे झाले तरी त्या लगेच दाखवून देतात आणि फिक्सरही जास्त वेळ मागतात. ज्याच्या घरी मे महिन्यात पाण्याचा अंश स्थिर ठेवण्याची सोय आहे, त्यानेच त्यांच्या वाटेला जावे. उन्हात काम करणाऱ्याला बारीक ग्रेन हवा असेल तर इल्फोर्डचीच १२५ आयएसओची एफपी४ प्लस अधिक समजूतदार आहे.

डेव्हलपरच्या बाबतीत मला फार घोळ घालावासा वाटत नाही. डी-७६ किंवा तिच्याच सूत्राची आयडी-११ पुरेशी आहे. १९२७ पासूनचे हे सूत्र अजून टिकून आहे ते उगाच नव्हे. प्रश्न असतो तो तापमानाचा. सगळे तक्ते २० अंशांसाठी असतात आणि कोल्हापुरात थंडीच्या सकाळी सोडल्या तर २० अंशांचे पाणी नळाला येत नाही. गच्चीवरच्या टाकीचे तर बोलायलाच नको. म्हणून बर्फाशी झुंजत २० गाठण्यापेक्षा २४ अंश हेच आपले प्रमाण मानावे. माठातल्या पाण्याने आणि बादलीभर गार पाण्याच्या न्हाणीने बहुतेक महिने ते साधते. २० वरून २४ वर गेल्यास वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. एचपी५ प्लसला डी-७६ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात, म्हणजे २४ ला जेमतेम सव्वापाच. पाच मिनिटांच्या खाली फिल्म एकसारखी धुतली जाण्याची खात्री राहत नाही, त्यामुळे ही किनार फार अरुंद आहे. तेच द्रावण १+१ केले की २० अंशांचा वेळ ११ मिनिटे होतो आणि २४ ला तो पावणेआठच्या आसपास येतो. एप्रिलमध्ये पाणी २६ अंशांवर गेले तरीही पाच मिनिटांच्या वर राहता येते. इतर ठिकाणी १+१ हा काटकसरीचा किंवा तीक्ष्णतेचा मुद्दा असेल, इथे तो उन्हाळ्यावरचा इलाज आहे. फक्त एका ३५ मिलिमीटर रोलला अर्धा लिटर मिश्रण घ्यावे आणि ते वापरून टाकून द्यावे.

पाकीट मिळेनासे झाले तर डी-७६ घरी बनवता येते. साखर कारखाने, फाउंड्री आणि महाविद्यालये यांच्यामुळे प्रयोगशाळांना रसायने पुरवणारी दुकाने शहरात आहेत. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे गुजरीत सोनार डाग लावताना वापरतात तो टाकणखारच, परंतु शुद्धतेची खात्री असलेला प्रयोगशाळेचा घ्यावा. सुमारे ५० अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, नंतर हायड्रोक्विनोन आणि शेवटी बोरॅक्स टाकून पाणी एक लिटर करावे. सल्फाइट सगळे आधी टाकले तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ उठते, तेव्हा हातमोजे घालावेतच. पाणी उकळून, गाळून घेतलेले किंवा डिस्टिल्ड असावे.

महिन्याकाठी एखादाच रोल धुणाऱ्याला मात्र रोडिनल अधिक परवडते. हा डेव्हलपर १८९१ पासून चालत आला आहे. त्याची बाटली कॉफीसारखी काळपट झाली तरी वर्षानुवर्षे काम देते आणि १+५० प्रमाणात एका रोलला दहा मिलिलिटर पुरते. ग्रेन तो मुळीच लपवत नाही. एचपी५ प्लसवर तो ग्रेन मला खटकतो, एफपी४ प्लसवर आवडतो.

बाकीच्या रसायनांत चोखंदळपणाला वाव कमी. स्टॉप बाथसाठी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व लिटरला १५ ग्रॅम घातले की झाले. फिक्सर मात्र साध्या हायपोऐवजी अमोनियम थायोसल्फेटचा, म्हणजे रॅपिड घ्यावा. फिल्मचा एक तुकडा त्यात पारदर्शक व्हायला ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो टाकून द्यावा, पण मोरीत नव्हे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते आणि पंचगंगेच्या पाण्यात आधीच पुरेसे काही मिसळते आहे. बादलीत स्टीलवूल घालून काही दिवस ठेवल्यास चांदी गाळाच्या रूपाने खाली बसते. हुपरीसारखे चांदीचे गाव हाकेच्या अंतरावर असताना हा गाळ फेकून देणे तर अगदीच अशोभनीय.

डार्करूममधल्या लाल दिव्याची परीक्षाही याच ओघात सांगतो. जुन्या स्टुडिओंतला पिवळट दिवा ब्रोमाइड कागदाला चालत असे, पण मल्टिग्रेड कागद हिरव्या प्रकाशालाही जागा होतो, म्हणून दिवा गडद लाल किंवा फिकट तपकिरी हवा. कागदाच्या तुकड्याला एन्लार्जरखाली अगदी हलका करडा येईल एवढा उजेड द्यावा, त्यावर नाणे ठेवून तो पाच-सात मिनिटे दिव्याखाली राहू द्यावा आणि मग डेव्हलपरमध्ये टाकावा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदलावा.

खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकलेली बरी, कारण एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत तापलेला कागद वरून धडधाकट दिसला तरी आतून करडा झालेला असू शकतो. फिल्म व कागद हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्याआधी काही तास डबा न उघडता बाहेर काढावा, नाहीतर पावसाळ्यात त्यावर दव धरते. फिल्मचा खप बरा असेल तर एचपी५ प्लसचा १०० फुटांचा रोल घेऊन स्वतः कॅसेट भरावेत. छत्तीस चित्रांचे सतरा-अठरा रोल निघतात आणि मोकळे कॅसेट रंगीत लॅबवाले आनंदाने देतात.

बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांतून इंदू, आगफा किंवा ऑर्वोचे सीलबंद कागद अधूनमधून विकायला निघतात आणि मोह होतो. त्यांची परीक्षा अशी : अंधारात एका पट्टीचे दोन तुकडे करावेत, एक थेट फिक्सरमध्ये टाकावा, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. दोन्ही सारखेच पांढरे निघाले तर खोका जरूर घ्यावा. दुसरा किंचित करडा असेल तर डेव्हलपरमध्ये थोडे बेंझोट्रायाझोल (हा करडेपणा दाबणारे रसायन) घालून काम भागते. तो ठळक करडा झाला असेल तर त्या कागदावर चित्र काढण्याचा नाद सोडावा. मुलांना पिंपळाची पाने आणि किल्ल्या ठेवून फोटोग्राम करायला तो उत्तम आहे, आणि त्या हिशेबानेच त्याचे पैसे द्यावेत.